हजार फूट केबल आणि बाबा

अमेरिकेत घर घेतलं की पहिलं वर्ष कौतुकात जातं आणि दुसऱ्या वर्षापासून घर आपल्याला कामाला लावतं. आमच्या न्यू जर्सीतल्या घराचं दुखणं होतं वाय-फायचं. इंटरनेटची तार रस्त्याच्या बाजूने बेसमेंटच्या एका कोपऱ्यात शिरते आणि माझी ऑफिसची खोली बरोबर विरुद्ध कोपऱ्यात, वरच्या मजल्यावर. मध्ये दोन मजले, हवेचे पत्र्याचे डक्ट आणि भलामोठा फ्रीज. मीटिंगमध्ये मी तावातावाने काही सांगत असायची आणि पलीकडच्यांना तोंड अर्धं उघडं असलेला माझा पुतळा दिसायचा. रविवारी सकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला की आईचं वाक्य ठरलेलं, "अगं, तू परत अडकलीस बघ."

नवऱ्याने तीन डब्यांचं मेश आणून बसवलं. थोडा फरक पडला. पण हे डबेही एकमेकांशी हवेतूनच बोलणार. पहिल्या डब्याचाच आवाज बसलेला असेल तर तिसरा काय ओरडणार? शेवटी बेसमेंटचं काम काढलं तेव्हा ठरवलं, भिंती आणि छत उघडं आहे तोवर प्रत्येक खोलीत केबल टाकून घ्यायची. ऑफिसचा संगणक, टीव्ही, मुलाचा अभ्यासाचा संगणक अशी जागेवरून न हलणारी यंत्रं तारेवर, आणि फोन-टॅब्लेटसाठी घराच्या मध्यावर छतात एक वाय-फायचं यंत्र, तेही तारेनेच जोडलेलं.

त्याच सुमारास आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. १९७६ साली लागले तेव्हा पोस्ट आणि टेलिफोन एकाच खात्यात होतं. पुढे दूरसंचार विभाग वेगळा झाला आणि ऑक्टोबर २००० मध्ये त्याचं बीएसएनएल झालं. खात्याचं नाव बदलत गेलं, बाबांचा खड्डा तोच राहिला. रस्ता खणून उघडी केलेली केबल, तिच्यातल्या शेकडो जोड्या, आणि त्या एकेक जुळवत बसलेले बाबा. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं की घरी कधी येतील याचा नेम नसायचा. माझ्या मैत्रिणींचे वडील बँकेत नाहीतर शाळेत. माझे वडील ताडपत्रीखाली खड्ड्यात बसलेले भर रस्त्यात दिसायचे आणि मी तिकडे न बघता सायकल पुढे काढायची. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे ते खरं.

इथे आल्यावर पहिले दोन आठवडे त्यांचे मजेत गेले. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांच्याच आई-बाबांचं होतं तेच झालं. गाडी चालवता येत नाही, चालत जावं असं जवळ काही नाही, शेजारी लांबून हात हलवतात आणि गॅरेजचं दार लावून घेतात. आईला स्वयंपाकघर तरी होतं. बाबा खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायचे.

अशा दिवसांत केबलचं खोकं दारात येऊन पडलं. कॅट-सिक्स, एक हजार फूट, म्हणजे ३०५ मीटर. ऑनलाइन दुकानात जवळजवळ अर्ध्या किमतीत मिळाली होती, वर पाच-पाच चांदण्यांची शिफारस. मी खूश. बाबांनी खोकं उचलून आत आणलं आणि विचारलं, "ही एवढी हलकी कशी?"

"बाबा, हल्ली सगळं हलकंच असतं."

"तांबं हलकं नसतं," ते म्हणाले. त्यांनी वीतभर तुकडा कापला, एक तार सोलली आणि ब्लेडने तिच्यावर हलकेच खरवडलं. वरचा तांबूस रंग निघाला आणि खाली पांढरी चमक दिसली. "तांब्याचा मुलामा आहे. आत ॲल्युमिनियम."

मला रागच आला. हजारो लोकांनी चांगलं म्हटलेली वस्तू सांगलीचे बाबा एका मिनिटात नापास करतात म्हणजे काय! मी त्या वस्तूचं पान पुन्हा उघडलं. बरंच खाली, बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'सीसीए'. म्हणजे कॉपर क्लॅड ॲल्युमिनियम, तांब्याचा पातळ थर दिलेलं ॲल्युमिनियम.

नंतर नीट वाचलं तेव्हा कळलं की हा नुसता हलक्या-भारी मालाचा प्रश्न नाही. अमेरिकेत इमारतींतल्या नेटवर्कच्या केबलसाठी टीआयए-५६८ नावाचं मानक आहे, त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात तारा तांब्याच्याच लागतात. ॲल्युमिनियमवाल्या तारेचा विद्युतरोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट. लांब अंतरावर सिग्नल क्षीण होतो. तार ठिसूळ असल्यामुळे दोन-तीनदा वाकवली की तुटते. आणि हल्ली याच केबलमधून यंत्रांना वीजही देतात. २००३ साली हा प्रकार मानकात आला तेव्हा मर्यादा १५.४ वॅट होती, २०१८ पासून ती ९० वॅटपर्यंत गेली आहे. रोध जास्त म्हणजे तार तापणार. भिंतीच्या आत, इन्सुलेशनच्या कापसात दडपलेली तार तापणं कुणाला परवडेल?

खोकं परत गेलं. दुसरं आणलं ते बाबांनी आधी उचलून पाहिलं, मग मान हलवली. त्या दिवसापासून केबलचं काम आमचं राहिलं नाही, बाबांचं झालं.

आता कोणती केबल घ्यावी, हे थोडक्यात सांगते, कारण हा प्रश्न मला मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी विचारतंच. कॅट-५ई वरून सेकंदाला एक गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं, म्हणजे बहुतेक घरांना ती पुरते. तुमच्या भिंतीत ती आधीच असेल तर उपटू नका. नवी टाकत असाल तर कॅट-सिक्स. तिच्यावरून एक गिगाबिट १०० मीटरपर्यंत आणि दहा गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत जातं. दहा गिगाबिट पूर्ण १०० मीटर न्यायचं असेल तरच कॅट-६ए. ती जाड असते, वळवायला अवघड जाते. कॅट-७ च्या जाहिराती दिसतात, पण टीआयएने ती श्रेणी स्वीकारलेलीच नाही. कॅट-८ आहे डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या जोडण्यांसाठी. आपल्या दिवाणखान्यात तिचं काही काम नाही.

आकड्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे केबलच्या अंगावर छापलेलं वाचायचं. तिथे श्रेणीबरोबर 'सीएम', 'सीएमआर' किंवा 'सीएमपी' अशी अक्षरं असतात. ही आगीची परीक्षा पास झाल्याची खूण. सीएमआर म्हणजे एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर उभी जाणारी केबल. पेटली तरी तिच्यावरून आग वर चढू नये अशी तिची परीक्षा असते. सीएमपी त्याहून कडक. इमारतीची हवा ज्या पोकळीतून खेळते तिथे टाकायची, म्हणून आगीबरोबर धुराचीही मर्यादा. राहत्या घरात बहुतेक ठिकाणी सीएम चालते. आमची केबल बेसमेंटपासून दोन मजले वर जाणार म्हणून आम्ही सीएमआर घेतली, आणि हवा परत यंत्राकडे नेणाऱ्या छतातल्या पोकळ्या सरळ टाळल्या. परत केलेल्या त्या पहिल्या केबलवर यातलं एकही अक्षर नव्हतं.

"केबलला आग लागणार कशी? तिच्यात करंट तो किती!" नवऱ्याने जेवताना विचारलं.

बाबा म्हणाले, "लावायची गरज नाही. दुसऱ्याने लावलेली आग ती घेऊन जाते."

त्या रात्री मी शोधलं आणि न्यूयॉर्कची एक जुनी हकीकत सापडली. मॅनहॅटनमध्ये सेकंड ॲव्हेन्यूवर २०४ क्रमांकाची, न्यूयॉर्क टेलिफोन कंपनीची ११ मजली एक्स्चेंजची इमारत होती. २७ फेब्रुवारी १९७५ च्या मध्यरात्रीनंतर तिच्या तळघरातल्या केबलच्या खोलीत आग लागली. तिथून हजारो तारांचे जुडगे वर मजल्यांवर जात होते, त्यांच्याबरोबर आगही वर गेली. तारांवरचं आवरण पीव्हीसीचं. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं. सुमारे ७०० अग्निशामक त्या काळ्या धुरात तासन् तास लढले. त्या दिवशी कुणी दगावलं नाही. पण पुढच्या वर्षांत त्यांच्यातल्या अनेकांना कर्करोगासारखे आजार झाले, आणि त्यांच्या घरच्यांच्या मनात तो धूर कायमचा राहिला. जवळपास १ लाख ७० हजार फोन बंद पडले होते. एरवी ज्या कामाला कितीतरी वर्षं लागली असती ते कामगारांनी साधारण तीन आठवड्यांत उभं केलं.

मी हे बाबांना मराठीत सांगत होते. ते मध्येच म्हणाले, "तीन आठवड्यांत? पावणेदोन लाख?" नंतर बराच वेळ गप्प. आग, धूर हे आम्हाला दिसत होतं. त्यांना त्या तीन आठवड्यांत जोड देत बसलेली माणसं दिसत होती.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. प्रत्येक खोलीतून स्वतंत्र केबल थेट बेसमेंटच्या कोपऱ्यात आणायची, एका खोलीतून दुसरीत अशी साखळी करायची नाही. मानक सांगतं, भिंतीतली केबल जास्तीत जास्त ९० मीटर, आणि दोन्ही टोकांना यंत्रांपर्यंतच्या छोट्या तारा मिळून १० मीटर, एकूण १००. घरात एवढं अंतर कुठलं! आमची सगळ्यांत लांब केबल २८ मीटर भरली. पण एक नियम बाबांना ऐकवताना मलाच हसू आलं. भिंतीच्या आत मध्येच जोड द्यायचा नाही. कमी पडली तर पूर्ण नवी ओढायची.

"म्हणजे आयुष्यभर जोड दिले आणि लेकीच्या घरी जोडाला बंदी!" बाबा म्हणाले.

बाकीचे नियम मात्र त्यांना पाठ असल्यासारखे होते. केबल जोर लावून ओढायची नाही. पुस्तक सांगतं ११ किलोच्या आसपासची ओढ ही शेवट; बाबा म्हणाले, "हाताला कळतं." कोपऱ्यात दुमडायची नाही, निदान केबलच्या जाडीच्या चौपट तरी गोलाई ठेवायची. स्टेपलने चेंगरायची नाही, बंद बांधला तरी तो बोटाने सरकला पाहिजे. विजेच्या तारांशी समांतर चिकटून न्यायची नाही. ओलांडायचीच झाली तर काटकोनात. विजेच्या आणि नेटवर्कच्या तारा एकाच पेटीत तर अजिबात आणायच्या नाहीत. मी कागदावरून एकेक वाचायची आणि बाबांनी ते आधीच करून ठेवलेलं असायचं.

माझ्या मुलाने विचारलं, "आजोबा, या वायर अशा ट्विस्ट का केल्या आहेत?" केबलच्या आत आठ तारा, त्यांच्या चार जोड्या आणि प्रत्येक जोडीला पीळ. बाबांनी त्याला दोन दोऱ्या दिल्या. "बाजूला विजेची तार गुणगुणत असते. तिचा आवाज या दोघींना ऐकू येतो. सरळ ठेवल्या तर जवळच्या तारेला जास्त ऐकू येणार, लांबच्या तारेला कमी. पीळ दिला की आता ही जवळ, मग ती जवळ. दोघींना सारखंच ऐकू येतं. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा बघतं. सारखं ते कटलं." शिवाय चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा असतो, म्हणजे त्या एकमेकींचंही ऐकत नाहीत. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलची, १८८१ ची. खांबांवरच्या उघड्या तारांच्या काळात दर काही खांबांनंतर तारांच्या जागा आलटून-पालटून हेच करायचे, हेही बाबांनी सांगितलं. मी संगणकाची पदवी घेतलेली. हे प्रकरण परीक्षेपुरतं वाचलं होतं. दोऱ्या हातात घेऊन मला ते कुणी समजावलं नव्हतं.

टोकं बांधायची वेळ आली तेव्हा मी तारा खाचेत दाबायचं अवजार त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि चेहरा उजळला. "अगं, हे तर आपलं क्रोनचं टूल! थोडा चेहरा वेगळा." आणि रंग? पांढऱ्याबरोबर निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. "आमच्या केबलमधल्या पहिल्या चार जोड्या याच." भिंतीतल्या सॉकेटवर कोणता रंग कुठे ते छापलेलंच असतं, त्यामुळे ते काम झटपट झालं. पीळ टोकाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही हे एकदा सांगितलं, त्यांनी पाव इंचावर आणून दाखवलं.

गडबड झाली ती छतातल्या वाय-फाय यंत्राच्या केबलला. तिच्या दोन्ही टोकांना सॉकेट नव्हतं, थेट प्लग बसवायचे होते, आणि प्लगवर रंग छापलेले नसतात. मी मीटिंगमध्ये होते. बाबांनी स्वतःच दोन्ही प्लग बसवले. साध्या टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमाने लागले. यंत्राला वीजही मिळाली, दिवा लागला. पण नेट कधी लागे, कधी सुटे. मी दोन तास राउटर, यंत्र, सेटिंग सगळं उलथंपालथं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं मोठं सादरीकरण होतं. शेवटी प्लग जवळून पाहिला आणि तोंडातून निघून गेलं, "बाबा, माहीत नव्हतं तर विचारायचं ना! हा काही टेलिफोन नाही!"

बाबा काही बोलले नाहीत. हातातलं अवजार पेटीत ठेवलं आणि वर गेले. आई भांडी आवरत होती. ती एवढंच म्हणाली, "सहा महिन्यांत आज पहिल्यांदा ते चहाला थांबले नाहीत."

रात्री मी त्यांच्या खोलीत गेले. ते बेसमेंटमधून आणलेला कागद चष्मा लावून बघत बसले होते. मी शेजारी बसले. माफी मागायला शब्द जुळेनात, म्हणून मीही कागदातच डोकं घातलं.

त्यांनी केलं होतं ते अगदी तर्काला धरून होतं. आठ पिना, चार जोड्या. पहिल्या दोन पिनांवर निळी जोडी, पुढच्या दोनांवर नारिंगी, मग हिरवी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच, म्हणून टेस्टरवर सगळे दिवे बरोबर लागले. टेस्टर फक्त बघतो की या टोकाची तीन नंबरची तार त्या टोकाला तीन नंबरलाच पोचते का. कोण कुणाबरोबर पिळलेलं आहे हे त्याला दिसत नाही. आणि नेटवर्कच्या जोड्या ठरलेल्या आहेत: एक-दोन, तीन-सहा, चार-पाच, सात-आठ. तिसरी पिन आणि सहावी पिन जोडीदार आहेत. बाबांच्या प्लगमध्ये तीनवर नारिंगी जोडीतली तार होती आणि सहावर हिरवीतली. जोडी कागदावर होती, पिळात नव्हती. मग गोंगाट कटणार कसा?

"पण तीन आणि सहा का? मध्ये दोन सोडून कुणी जोडी लावतं का?" बाबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता आणि मला उत्तर येत नव्हतं. वीस वर्षं या धंद्यात असून मी हा प्रश्न कधी स्वतःला विचारला नव्हता. मग आम्ही दोघांनी मिळून वाचलं.

१९७३ साली कॅलिफोर्नियात पालो अल्टोच्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट जुळवलं तेव्हा ते जाड कोॲक्सियल केबलवर चालायचं, टीव्हीच्या केबलची थोरली बहीण म्हणा. ती महाग, वळवायला कठीण. पण अमेरिकेतल्या ऑफिसांत प्रत्येक टेबलापर्यंत टेलिफोनच्या पीळ दिलेल्या जोड्या कधीच पोचलेल्या होत्या आणि त्या एका खोलीत येऊन मिळत होत्या. मग संगणकालाच तशा तारांवर आणलं. १९९० साली तशा जोड्यांवरून सेकंदाला दहा मेगाबिट नेण्याचं मानक आलं. प्लगही टेलिफोनच्याच घराण्यातला. टेलिफोनची लाइन प्लगच्या मधल्या दोन पिनांवर यायची, म्हणून चार आणि पाच या पिना निळ्या जोडीसाठी ठेवल्या. दुसरी लाइन तिच्या दोन्ही अंगांनी, तीन आणि सहावर. संगणकासाठी क्रम ठरवताना ही टेलिफोनची जागा कुणी मोडली नाही.

बाबांनी कागदावर मधल्या दोन रेघांवर बोट ठेवलं. "म्हणजे निळी जोडी अजून टेलिफोनचीच."

"हो."

"आणि तू म्हणालीस, हा टेलिफोन नाही."

मी म्हटलं, "चुकलं माझं, बाबा." ते म्हणाले, "माझंही चुकलं. नवीन माल असला की आधी नकाशा बघायचा, हे मीच पोरांना शिकवायचो." मग खाली जाऊन आम्ही रात्री अकराला दोन्ही प्लग कापले आणि नव्याने बसवले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. याला टी-५६८बी क्रम म्हणतात. नारिंगी आणि हिरव्याची अदलाबदल केली की टी-५६८ए. दोन्ही चालतात, फक्त दोन्ही टोकांना एकच हवा. आईने तेवढ्या रात्री चहा केला.

काही दिवसांनी टाउनशिपचा इन्स्पेक्टर बेसमेंट बघायला आला. तो तारांचा वेग वगैरे काही बघत नाही. त्याने बघितलं की केबल ज्या भोकांतून वरच्या मजल्यावर जातात ती आगरोधक लांबीने बुजवली आहेत का, केबलवर छाप आहे का, विजेच्या पेटीपासून अंतर आहे का. बाबा लांब कोपऱ्यात उभे होते, साहेब तपासणीला आल्यावर उभे राहायचे तसे. जाताना त्याने कोपऱ्यातल्या फळीवर एका रांगेत, सारख्या गोलाईने वळवून बांधलेल्या केबल बघितल्या आणि विचारलं, हे कुणी केलं? मी बोट दाखवलं. त्याने जाऊन बाबांशी हात मिळवला. बाबांनी आधी हात पँटला पुसला.

परवानग्यांचे नियम गावोगावी वेगळे असतात. तुम्ही असं काही करणार असाल तर आधी आपल्या टाउनशिपच्या ऑफिसात विचारून घ्या, आणि भिंत बंद होण्याआधी प्रत्येक केबल प्रत्यक्ष यंत्र लावून चालवून बघा. टेस्टरच्या दिव्यांवर जाऊ नका, हे आम्ही किंमत देऊन शिकलो. राउटर, यंत्रं दर चार-पाच वर्षांनी बदलतात. भिंतीतली केबल तुमची मुलं कॉलेजला जाईपर्यंत तिथेच राहणार. पैसे वाचवायचे तर यंत्रात वाचवा, केबलमध्ये नको.

परत जाण्याच्या आधी बाबांना विचारलं, "न्यूयॉर्कमध्ये काय बघायचं राहिलंय?" स्वातंत्र्यदेवता बघून झाली होती. ते म्हणाले, "ते एक्स्चेंज." मग आम्ही ट्रेनने गेलो आणि सेकंड ॲव्हेन्यूवर तेराव्या रस्त्याच्या कोपऱ्यापाशी पोचलो. इमारत अजून उभी आहे. बघण्यासारखं खरं तर काहीच नाही, साधी भक्कम इमारत, खालून माणसं कॉफीचे पेले घेऊन जात होती. बाबा समोरच्या फुटपाथवर पाच-सात मिनिटं उभे राहिले. जवळच रस्त्यात एक चौकोनी कुंपण लावून मॅनहोल उघडलेलं होतं आणि आत एक माणूस उतरलेला होता. बाबा कुंपणापाशी जाऊन वाकून बघू लागले. एरवी मी म्हटलं असतं, "चला बाबा, असं बघू नका." त्या दिवशी मीही त्यांच्याशेजारी वाकून बघितलं.

आई-बाबांना जाऊन आता बरेच महिने झाले. बेसमेंटच्या कोपऱ्यात प्रत्येक केबलच्या टोकाला बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, देवनागरीत: 'ऑफिस', 'दिवाणखाना', 'नातू', 'छत'. मागे एकदा इंटरनेट कंपनीचा माणूस आला होता. त्याला त्यातलं एकही वाचता येईना, मीच एकेक वाचून दाखवलं. रविवारी सकाळी सांगलीला कॉल लावते. आता मी अडकत नाही. कधी कधी तिकडचं नेट जातं आणि आई-बाबाच अडकतात. मग चित्र परत सुरू झालं की बाबांचा पहिला प्रश्न, "तुझ्याकडे 'छत'वाल्या लाइनचा दिवा लागलाय ना?"

मी खाली जाऊन बघून येते. लागलेला असतो.